रिकाम्या जीपमध्ये पहिला कोण बसणार?

मित्रांनो, माझ्या पाठीवर हात ठेवलात तर ती कोमट लागेल. घाबरू नका, तो ताप नव्हे. काम करणाऱ्याचं अंग गरमच असतं. मी एक जुना संगणक आहे आणि अजून चालू आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण माझ्याकडे बघून बऱ्याच जणांना तसं वाटत नाही.

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे हे बाजाराचं गाव आहे. तिथे जीपच्या थांब्यासमोर झाकीरभाईंचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि मोबाइल रिचार्ज असा त्यांचा व्यवसाय. त्या दुकानात काउंटरखाली, चपलांच्या शेजारी माझी जागा आहे. जागेबद्दल माझी तक्रार नाही. तिथून थांब्यावरचं सगळं ऐकू येतं, आणि मला गप्पा ऐकायला आवडतात.

माझा जन्म कुठल्या झगमगीत कारखान्यात झाला नाही. कर्जतच्या एका दुकानात मला जुळवलं. डबा एकीकडचा, मेंदू दुसरीकडचा, पंखा तिसरीकडचा. तरी जुळलं ते चांगलं जुळलं. पहिली नोकरी मिळाली कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये. शनिवार-रविवारी मुंबईची पाहुणेमंडळी यायची, त्यांच्या खोल्यांचा हिशेब मी ठेवायचो आणि संध्याकाळी गाणी लावायचो. तेव्हा माझं काय कौतुक! मालक पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवायचे. पण नव्याचे नऊ दिवस. एक सडपातळ लॅपटॉप आला, माझ्यावर टेबलक्लॉथ पडला आणि टेबलक्लॉथवर फुलदाणी. फुलदाणीखाली दिवस काढणं सोपं नसतं, मित्रांनो. वरून पाणी झिरपायचं.

तिथून झाकीरभाईंनी मला आणलं. काही वर्षं मी सातबारा छापले, शाळेचे दाखले छापले, लग्नपत्रिकांवर गणपती बसवले आणि निकाहाच्या कार्डांवर वेलबुट्टी काढली. मग झाकीरभाईंनीही नवा संगणक घेतला. "याला भंगारात देऊन टाकू," असं ते दर रविवारी म्हणायचे आणि सोमवारी विसरायचे. त्यांच्या विसराळूपणावर मी जगत होतो.

मला खरं वाचवलं त्यांच्या मुलीने, नाझियाने. ती कर्जतच्या कॉलेजात संगणक शिकली आणि दुकानात बसू लागली. एके दिवशी तिने मला उघडलं, आतली झुरळं झटकली आणि मला एक नवंच काम दिलं. ते काम काय होतं, हे नीट सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

तुम्ही मोबाइलवर गप्पांची आणि फोटोंची जी ॲप वापरता, ती बहुतेक एकेका मोठ्या कंपनीची असतात. एक प्रचंड इमारत, एक मालक आणि एकच दार. नाझियाने मला ज्या जाळ्यात जोडलं, त्याला असा एक मालक नाही. त्यात जगभरची लहानमोठी पुष्कळ घरं आहेत. एखादं घर मित्रमंडळाचं, एखादं शाळेचं, एखादं नुसतं हौसेचं. प्रत्येक घर म्हणजे माझ्यासारखाच कुठेतरी चालू असलेला संगणक. लोक त्याला सर्व्हर म्हणतात, नाझिया घर म्हणते. कुठल्याही एका घरात नाव घातलं की बाकी सगळ्या घरांतल्या माणसांशी बोलता येतं. त्या जाळ्यातलं कशेळ्याचं घर म्हणजे मी.

हे कशासाठी? तर इथल्या डोंगरातल्या वाड्यांसाठी. वाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि शिमग्याला परततात. मुकादम नेईल तिकडे जायचं. मधल्या काळात रिचार्ज संपतो, नंबर बंद पडतो, मग कुणीतरी नवं सिम देतो. मोठ्या ॲपमध्ये माणूस म्हणजे त्याचा नंबर. नंबर गेला की माणूसही गेला. दर वर्षी भावाचा फोन लावावा आणि पलीकडून कुणा भलत्याच गावच्या माणसाने "राँग नंबर" म्हणून खेकसावं, असं चालायचं. नाझियाच्या घरात घातलेलं नाव मात्र नंबर बदलला तरी तसंच राहतं. लिहिता येत नसेल तर नुसतं बोलून ठेवलं तरी चालतं.

इतकं चांगलं, मग सगळे धावत आले असतील, असं तुम्हाला वाटेल. छे! दारातच घोळ झाला. जाळ्यात शिरायला गेलं की पहिलाच प्रश्न येतो, 'तुमचं घर निवडा.' खाली घरांची लांबच लांब यादी, आणि प्रत्येकापुढे आत किती माणसं आहेत तो आकडा. नवखा माणूस तिथेच गांगरतो. कर्जतच्या स्टेशनाबाहेर उतरल्यावर दहा रिक्षावाल्यांनी एकदम घेरावं, तसं त्याचं होतं.

वाडीवरच्या पदूने विचारलं, "घर घेतला तर भाडं किती?" भाडं नाही म्हटल्यावर त्याचा संशय वाढला आणि तो गेला तो गेलाच. त्याच्याच वाडीच्या चांगोने तर कहर केला. एका घरातून सगळ्यांशी बोलता येतं यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने तीन घरांत तीनदा नाव घातलं. मग एके दिवशी तणतणत दुकानात आला. "नाझिया, माझा फोटो लावून कुनी दुसराच चांगो मला रामराम घालतोय! लबाड हाय त्यो!" तो दुसरा चांगो तोच होता, हे पटवायला नाझियाला चहा पाजावा लागला.

पण सगळ्यांत नेमकं बोलला तो विलास. विलास थांब्यावरची जीप चालवतो आणि रिकाम्या वेळात आमच्या काउंटरवर टेकून उभा असतो. नाझियाने त्याला पडद्यावर यादी दाखवली. कशेळ्याच्या घरापुढे आकडा होता तीन. ती, तिचे अब्बा आणि कर्जतची तिची मैत्रीण अनम.

"तीनच पाशिंजर?" विलास हसला. "नाझिया, ही जीप आज काय सुटत नाय."

मित्रांनो, तुम्ही आमच्याकडचे नसाल तर हे सांगायला हवं. आमच्याकडे जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. त्यामुळे थांब्यावर आलेला शहाणा माणूस रिकाम्या जीपकडे बघतही नाही. जी जवळपास भरलेली असेल तिच्यात घुसतो, मांडीवर कुणाचं तरी पोर घेतो आणि लवकर घरी पोचतो. वाडीवरचे लोक यादीसमोरही तेच करत होते. मी तीन माणसांचा, म्हणजे मी रिकामी जीप. कोण बसणार? खरं सांगतो, मला वाईट वाटलं. झाकीरभाईंचा रविवारही जवळ येत चालला होता.

अशात जनाबाई आली.

जना वरच्या वाडीची. बाजारच्या दिवशी डोंगरातून मध, कंद असलं काही घेऊन उतरते आणि जाताना दुकानाच्या पायरीवर बसून पाणी पिते. तिची मुलगी भाग्यश्री हिचं लग्न माघात ठरलं होतं, शिमग्याच्या आधी. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं जुळलेलं. तरी त्या दिवशी जनाबाई पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून बसली होती.

"काय झालं जनामावशी?" नाझियाने विचारलं.

"शुक्राचा पत्ता नाय गं लागत," ती म्हणाली. "त्याच्याबिगर कसं लगीन लावू?"

शुक्रा तिचा पाठचा भाऊ. भाग्यश्रीचा एकुलता एक मामा. नवरीला मांडवात आणायचं मामाने, ही रीत तुम्हाला माहीत आहेच. पण वाडीची आणखी एक रीत आहे. आवतण तोंडी असतं. पत्रिका कितीही छापा, माणसाने स्वतःच्या तोंडाने 'या' म्हटल्याशिवाय ते आवतण होत नाही. उडत उडत कानावर आलं म्हणून सख्खा भाऊसुद्धा येणार नाही. उलट जन्मभर म्हणेल, की बहिणीने मला हाक मारली नाही. त्यातून शुक्रा मानी.

त्याचा नंबर पौषातच बंद पडला होता. त्यावर आता कुणी परका माणूस बोलत होता. खालापूरकडच्या ज्या भट्टीवर तो गेला होता तिथे विलास जनाला जीपमधून घेऊनही गेला. तिथे कळलं की मुकादमाने माणसं दुसरीकडे हलवली. कुठे, ते कुणी धड सांगेना.

"मी दिवाळीतच शुक्रामामांना त्यांच्या वाडीवर जाऊन या घराबद्दल सांगितलं होतं," नाझिया म्हणाली. "टेंपो उभा होता, म्हणून म्हणाले, नंतर माझा मी नाव घालतो. पण नाही घातलं. मी आपल्या घरात शोधलं, ते नाहीत."

"तुझ्या घरात त्यो कशाला येतोय?" काउंटरवरून विलास म्हणाला. "रिकामी जीप ती."

नाझियाला राग आला. ती काही बोलणार, तेवढ्यात जनाबाईने हातातला तांब्या खाली ठेवला.

"खरं बोलतोय त्यो," ती म्हणाली. "माझा भाऊ कवाच रिकाम्या जीपमंदी बसत नाय. टपावर बसंल, मागं लटकंल, पन भरलेल्यातच जाईल. बाय नाझिया, तुझ्या त्या यादीत सगल्यात भरलेली जीप कंची?"

मग नाझिया खुर्ची ओढून नव्या संगणकापुढे बसली. यादीतलं सगळ्यांत मोठं घर परदेशातलं होतं, तिथला आकडा वाचतानाच दम लागावा इतका. तिने त्या घराचं दार उघडलं. आत लोकांचा नुसता समुद्र. कुणी बर्फाचे फोटो टाकतोय, कुणी मांजरांचे, कुणी कुणाशी तावातावाने भांडतोय, आणि सगळं आपल्याला न कळणाऱ्या भाषांत. त्या गर्दीत नाझियाने नाव शोधलं, शुक्रा.

एकच निघाला. विटांच्या थप्पीपुढे उभा, डोक्याला लाल फडकं.

"ह्योच!" जनाबाई उभी राहिली. "ह्योच माझा शुक्रा!"

त्या फोटोखाली त्याने एकदाच, बऱ्याच दिवसांपूर्वी, काहीतरी बोलून ठेवलं होतं. नाझियाने आवाज मोठा केला.

"मी शुक्रा बोलतो. हितं लय मानसं हायेत, पन समदी येगलंच बोलतात. आपलं कुनी हाय का हितं? जना, तू हायस का गं?"

बस, एवढंच. त्याला कुणीही उत्तर दिलं नव्हतं. कुणा परक्या माणसाने, न कळताच, 'आवडलं' म्हणायची चांदणी मात्र दाबली होती.

जनाबाई रडली, मित्रांनो. मलाही काहीतरी झालं. एवढ्या भरलेल्या घरात एक माणूस आपल्या बहिणीला हाक मारून गेला आणि त्या घरात ती हाक समजणारं कुणी नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. आम्ही भट्ट्या धुंडाळत होतो आणि तो आमच्याच जाळ्यात बसलेला होता.

डोळे पुसून जनाबाई म्हणाली, "मग आता मी पन त्या मोठ्या घरात जाऊ का? तवाच त्याला आयकू जाईल ना?"

इथेच सगळ्यांची गाडी अडायची. नाझियाने या वेळी सर्व्हर, जाळं असला एकही शब्द काढला नाही. तिने विचारलं, "मावशी, तुमच्या वाडीचं आवतण दुसऱ्या वाडीला कसं जातं?"

"कसं म्हंजे? आमचा एक मानूस जातो. त्या वाडीच्या म्होरक्याला सांगतो. त्यो मंग ज्याचं त्याला घरी जाऊन सांगतो."

"मग आवतण द्यायला तुम्हाला त्या वाडीत राहायला जावं लागतं का?"

"येडी का काय तू? मी का म्हून राह्यला जाऊ?"

"इथेही तसंच. तुम्ही आपल्या कशेळ्याच्या घरात नाव घाला आणि इथूनच बोला. हा डबा तुमचं बोलणं त्या मोठ्या घराला नेऊन देईल. ते घर शुक्रामामांना देईल."

जनाबाईने वाकून काउंटरखाली माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "म्हंजे ह्यो आपला आवतन घेऊन जानारा मानूस," ती म्हणाली.

रिसॉर्टच्या मालकाने केलेलं सगळं कौतुक एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे.

मग ती माझ्या घरातलं चौथं माणूस झाली. नाझियाने तिच्यापुढे फोन धरला. जनाबाईने आधी पदर नीट केला, जणू समोर भावाचंच दार आहे.

"शुक्रा, मी जना, तुझी भन. मी हाय रं. माझ्या भाग्यश्रीचं लगीन माघाच्या पुनवेला हाय. मामाबिगर पोर मांडवात यायची नाय. बायकोला, पोरांना समद्यांना घेऊन ये. नंबर गेला म्हून तुला हाक नाय पोचली, मनात काय धरू नको. ये रं."

नाझियाने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

आमच्याकडे वीज मुहूर्त बघून जाते. झाकीरभाईंच्या इन्व्हर्टरवर फक्त झेरॉक्सचं मशीन असायचं, माझ्यासाठी तिथे जागा नव्हती. मी डोळे मिटले. अंधारात जनाबाईचा आवाज आला, "गेलं का गं? पोचलं का?" नाझिया म्हणाली, "वीज आली की पोचेल, मावशी." पण वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय जनाबाईला उजेडात डोंगर चढायचा होता.

तेवढ्यात मला धक्का बसला, चांगला जोराचा. आणि माझा पंखा फिरू लागला. झाकीरभाईंनी झेरॉक्सचा प्लग काढून तिथे माझा लावला होता. दर रविवारी मला भंगारात घालणारे झाकीरभाई! समोर झेरॉक्स काढायला माणसं उभी होती. त्यांना ते म्हणाले, "थांबा जरा. आवतण चाललंय."

मी उठलो, आवाज उचलला आणि नेऊन दिला. त्या मोठ्या घराने माझ्याकडून तो घेतला. किती सहज घेतला! मी लहान, ते अवाढव्य, पण वाडीचा माणूस वाडीच्या दारात जावा आणि समोरच्याने 'या' म्हणावं, तसंच झालं.

पुढचे दिवस मात्र जड गेले. पोचवणं माझ्या हातात होतं, ऐकणं शुक्राच्या हातात. त्याने त्या घराचं दार पुन्हा उघडलं असेल का? एकदा हाक मारून उत्तर न आलेला माणूस परत कशाला येईल? बाजारच्या दिवशी जनाबाई आली, माझ्याकडे वाकून बघून गेली. वाडीवर मांडवाच्या मेढी रोवून झाल्या. हळदीचा दिवस उद्यावर आला. विलासनेही थट्टा बंद केली, आणि विलास गप्प बसतो तेव्हा गोष्ट खरंच गंभीर असते.

हळदीच्या दिवशी दुपारी थांब्यावर कर्जतची जीप येऊन थांबली. मी नेहमीसारखा ऐकत होतो. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक पोर रडलं. आणि मग एक आवाज आला.

"झाकीरभाईंचा दुकान ह्योच का?"

मित्रांनो, तो आवाज मी फक्त एकदाच ऐकला होता. तरी मी लगेच ओळखला. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय झालं, हे डब्याला विचारा!

शुक्रा, त्याची बायको चिंधी आणि दोन पोरं दारात उभी होती. डोक्याला तेच लाल फडकं. नाझिया धावतच बाहेर आली. तो सांगू लागला, "त्या घराची आशाच सोडली व्हती बघ. परवा रिचार्ज मारला तसा फोन टिंग वाजला. मी म्हनलं रिचार्जवाले असतील. चिंधी म्हनाली, बघा तरी. बघतो तं जना! मुकादमाला म्हनलं, भनीचं आवतन आलंय, आता मला कुनी अडवू नका." मग त्याने थोडा आवाज खाली आणून विचारलं, "पन मी तं दुसऱ्याच घरात व्हतो. तुमी मला गाठलं कसं?"

"तुमच्या बहिणीने गाठलं," नाझिया म्हणाली. "ती म्हणाली, सगळ्यांत भरलेल्या जीपमध्ये बघ."

शुक्रा इतका हसला की त्याचं फडकं सुटलं. मग हसता हसताच त्याने डोळे पुसले.

समोर वाडीच्या पायथ्याला जाणारी विलासची जीप उभी होती. पूर्ण रिकामी. हळदीला जाणारे बरेच जण सावलीत उभे राहून एकमेकांकडे बघत होते, नेहमीप्रमाणे. शुक्राने पिशवी उचलली, सरळ जाऊन त्या रिकाम्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या रं, बसा! मी बसलोय ना. भरंल आता."

आणि ती भरली. बघता बघता भरली.

तेव्हापासून नाझियाने दारातली ती यादी दाखवणंच बंद केलं. आता नवखा माणूस आला की ती दोनच गोष्टी विचारते, नाव काय आणि वाडी कोणती. दिशाहीन बाणासारखं कुणाला यादीपुढे सोडत नाही. लग्नानंतर शुक्रा आमच्या घरात आला, भाग्यश्री आली. पदूही आला, अजून अधूनमधून भाड्याचं विचारतो. विलास सर्वांत शेवटी आला आणि म्हणतो की ही जीप भरणार, असं आपण पहिल्यापासूनच म्हणत होतो. चांगो आता एकच आहे. झाकीरभाई रविवारी भंगाराचं नाव काढत नाहीत. उलट रंगाच्या जुन्या ब्रशने माझा पंखा झाडतात.

लोक विचारतात, हे घरांचं जाळं नवख्यांना फार अवघड नाही का? आहे, मी कशाला खोटं बोलू? पण ते अवघड वाटतं, कारण दारात नुसता प्रश्न उभा असतो, माणूस नसतो. तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे कुणी नवं आलं, शाळेत, वाडीत, नाहीतर अशा एखाद्या घरात, तर त्याच्या हातात यादी देऊ नका. आधी 'ये, बस' म्हणा. लहान आणि रिकाम्या दिसणाऱ्या घराला नाक मुरडू नका. आणि तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याच्या पंख्यावरची धूळ तेवढी पुसत जा. कुणाचं आवतण कधी न्यावं लागेल, सांगता येत नाही.